बाटली मी लावली होती

तांड्यातल्या चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेत प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी हेमलापुढं आली आणि तिनं हात मागं घेतला.

"काहून वं? घे ना," शेजारी बसलेली तिची माय भागिरथाबाई कुजबुजली.

"नाई माय. मले आधी एका जागी जा लागते."

प्रार्थना अर्ध्यावर सोडून ती तांड्याबाहेर आली. मेडशीच्या फाट्यावर जीप मिळाली आणि ती मालेगावला उतरली. तिथल्या एका लहानशा खासगी दवाखान्यात ती सहा वर्षं नर्स होती. शुक्रवारी घाईत तिनं सुलतानबी या शुगरच्या म्हातारीला साध्या सलाइनऐवजी ग्लुकोजची बाटली लावली. म्हातारीची शुद्ध गेली, दिवसभर धावपळ झाली, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. बाटली आया चंदाबाईनंच बदलली असणार, असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं. ती रडत राहिली, पण तिला उभ्याउभ्या घरी पाठवलं. हेमला तिथंच होती. तिचं आणि मायचं घर तिच्याच पगारावर चालायचं. ती गप्प राहिली.

तेव्हापासून देवापुढं हात जोडले, की चंदाबाईचं रडवेलं तोंडच दिसायचं. अशा मनानं प्रभूची भाकर घ्यायची नसते, हे तिला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "मिटलं होतं ना सगळं? आता कशाला सांगता?"

"चंदामावशीसाठी नाही मिटलं, सर."

डॉक्टरांनी पुढ्यातले कागद बाजूला सारले. "तिला उद्या यायला सांगा. तुम्ही मात्र आता कामावर येऊ नका."

हेमला सुलतानबीच्या खाटेपाशी गेली. तिचं बोलणं ऐकताच म्हातारीचा मुलगा अन्सार ताडकन उठला. "माही अम्मी मरता मरता वाचली!"

"हो भाऊ. चूक माहीच हाये."

"बैठ जा बेटा," म्हातारी क्षीण आवाजात मुलाला म्हणाली. "इसको किसीने पकडा नहीं. खुद होके आयी."

तिथून ती चंदाबाईच्या घरी गेली. चंदाबाई दारात तूर पाखडत होती. हेमलाचं बोलणं संपलं तसं तिनं सूप आपटलं. "दोन दिवस झाले, गल्लीत बाया मले पाहून दार लावून राह्यल्या. अन् तू उभी राहून पाहत होती!"

"हो मावशी."

"मंग मले एकटीले काय सांगतं? चाल, त्याइले सांग!"

पहिल्या दारात निता नावाची शेजारीण होती. हेमला म्हणाली, "बाटली मी लावली होती. मावशीची चूक नव्हती."

दुसऱ्या दारात चार बाया बसल्या होत्या. एकजण हसली. हेमलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तेच वाक्य तिनं पुरं केलं.

तिसऱ्या दाराची कडी वाजवायला तिनं हात उचलला, तो चंदाबाईनं धरला.

"बस झालं," ती म्हणाली. "रडू नको आता. चाल, तुले गाडीवर बसवून देतो."

आणि तो हात तसाच धरून, मान वर करून, ती गल्लीच्या मधोमध चालू लागली.