अकरा ते पाचचा तक्ता

नगरपालिकेच्या नियोजन विभागात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. पद कनिष्ठ लिपिकाचं, पण बावीस वर्षं तिनं मोजण्याखेरीज फारसं काही केलं नव्हतं. शहराच्या आराखड्यात हिरव्या रंगानं दाखवलेल्या मोकळ्या जागेत जायचं, तीन दिवस उभं राहायचं, किती माणसं येतात ते मोजायचं आणि तक्ता भरायचा. रोजची सरासरी पन्नासाच्या खाली गेली की जागा 'वापरात नाही' ठरे. आराखड्यातला हिरवा रंग पुसला जाई आणि मग तिथं गोदाम, वाहनतळ, कचेरी, जे कोणी आधी मागेल ते उभं राही.

मोजणीबाई नाकासमोर चालणारी. बाकीचे कारकून चहाच्या टपरीवर बसून आकडे ठोकत, ही मात्र छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन मैदानाच्या मधोमध. तीन दिवस म्हणजे तीन दिवस. कोणीच दिसलं नाही तर 'निरंक' लिहायची आणि खाली लपेटदार सही ठोकायची. आपल्या हातून एकही खोटा आकडा गेला नाही, याचा तिला केवढा अभिमान होता! साहेब नव्या माणसांना सांगत, मोजावं तर बाईंसारखं.

त्या सोमवारी सकाळी ती डबे भरत होती. सासूबाई फिरून आल्या आणि चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर. टेलिफोन कार्यालयात तीस वर्षं त्यांनी लोकांचं बोलणं एकमेकांना जोडून दिलं होतं. त्यामुळे की काय, स्वतः फार बोलत नसत. बोलल्या की मात्र समोरच्याच्या हातातलं काम थांबायचं.

"निरंक म्हणजे काय गं?"

"म्हणजे काही नाही. शून्य. का हो आई?"

"टाकीजवळच्या मैदानाच्या फाटकावर कागद डकवलाय. नागरिकांचा वापर निरंक, सबब जागा वाहनतळासाठी द्यायची. खाली तुझी सही आहे."

"हो, मीच मोजलं ना. तीन दिवस उन्हात उभी होते. कावळासुद्धा फिरकला नाही."

"मग मी रोज पहाटे जाते कुठे?"

मोजणीबाईच्या हातातलं डब्याचं झाकण हातातच राहिलं. सासूबाई पहाटे फिरायला जातात हे तिला ठाऊक होतं. कुठे जातात हे तिनं अठरा-वीस वर्षांत विचारलं नव्हतं. त्या वेळी ती चुलीपाशी असायची, आणि त्या परत येईपर्यंत निम्मे डबे भरून व्हायचे.

नवरा आरशापुढे दाढी करत होता. तो तोंडाला फेस असतानाच म्हणाला, "आई, तू टाकीपर्यंत जातेस? मला वाटलं कोपऱ्यावर जाऊन येतेस."

"तुम्हा दोघांना बरंच काही वाटत असतं," असं म्हणून सासूबाई चपला काढायला गेल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. दुसऱ्या दिवशी मोजणीबाईनं डबे नवऱ्यावर सोपवले आणि पहाटे सासूबाईंबरोबर निघाली. टाकीच्या वळणावर येईपर्यंत तिला आशा होती की दहा-बारा म्हातारी माणसं असतील, एवढंच. वळण ओलांडलं आणि ती जागच्या जागी थबकली.

मैदान गजबजलेलं होतं. रातपाळी संपवून आलेल्या परिचारिका चपला हातात घेऊन गवतावरून चालत होत्या. धावणाऱ्या मुलींची एक रांग शिट्टीवर सुटत होती. एक गृहस्थ डॉक्टरांच्या सल्ल्यावरून उलटे चालत होते आणि लोक सवयीनं त्यांना वाट देत होते. पन्नाशीची एक बाई सायकल शिकत होती, मागे कॅरिअर धरून तिची बहीण पळत होती. पार टोकाला एक वाजंत्री कर्णा वाजवत होता. शेजाऱ्यांनी त्याला घरी वाजवायची बंदी केली होती म्हणे, आणि सूर ऐकता शेजाऱ्यांचं काही चुकलं असं म्हणवत नव्हतं.

मोजणीबाईची बोटं आपोआप चालू लागली. साडेसातपर्यंत दोनशे अकरा माणसं झाली. नऊ वाजता ऊन चढलं तसं मैदान रिकामं होत गेलं. अकराला तिथं कोणी नव्हतं, सावलीला एक झाडही नव्हतं. आता तिची नेहमीची वेळ झाली होती.

कचेरीत पोचल्यावर तिनं कोरा तक्ता काढून टेबलावर पसरला. पहिला रकाना अकरा ते बारा, शेवटचा चार ते पाच. तिच्या जन्माच्याही आधी कुणीतरी कचेरीची वेळ बघून रकाने आखले होते, आणि तेव्हापासून छापखाना ते इमानेइतबारे छापत होता. सकाळ आणि संध्याकाळ तक्त्यात नव्हतीच. या तक्त्यावर तिनं बावीस वर्षं सह्या केल्या होत्या आणि एकदाही तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. तिला स्वतःचा असा राग आला की तिनं तक्ता उचलला आणि तडक साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब तसे भले गृहस्थ. कुणाचं वाईट करायचे नाहीत, आणि चांगलं करायचं तर आधी परिपत्रक बघायचे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मोजणी झाली, सूचना लागली. आता हरकत घ्यायची तर नागरिकांनी. कर्मचाऱ्याला स्वतःच्याच विभागाविरुद्ध हरकत घेता येत नाही."

"पण साहेब, चूक माझी आहे."

"चूक कसली? तक्त्याप्रमाणे भरलंत ना? मग झालं तर." त्यांनी आवाज खाली आणला. "पुढच्या महिन्यात तुमच्या बढतीचं प्रकरण वर जातंय. बावीस वर्षांनी योग आलाय. आता कशाला हात दाखवून अवलक्षण?"

बढतीचं खूळ तिलाही होतं, नाही कशाला म्हणा. वरिष्ठ लिपिकाला खिडकीजवळचं टेबल मिळतं आणि उन्हात उभं राहावं लागत नाही. पाय दुखू लागल्यापासून त्या टेबलाकडे ती येता-जाता बघत होती. पण टाकीचं मैदान गेलं असतं ते तिच्या सहीनं. ती सही दुसऱ्या कुणाला खोडता येणार नव्हती.

घरी येऊन ती म्हणाली, "आई, हरकतीचा अर्ज द्याल?"

"मजकूर सांग, लिहिते."

"मी सांगितला तर तो माझा होईल. तुमचा तुम्हीच लिहा."

सासूबाईंनी चार ओळी लिहिल्या. 'मी या मैदानात रोज चालते. माझ्याबरोबर पुष्कळ लोक असतात. मोजणीच्या वेळी आम्ही घरी असतो. पुन्हा मोजावे.' टेलिफोनवाल्या बाईचा अर्ज, त्यात एक शब्द फुकटचा नव्हता.

पुढचे सात दिवस मोजणीबाईनं पहाटे आणि संध्याकाळी, नोकरीची वेळ सोडून, स्वतःहून मोजलं. तक्त्याच्या डाव्या बाजूला पहाटेच्या रकान्यांची पट्टी डिंकानं चिकटवली, उजव्या बाजूला संध्याकाळची. तक्ता दोन्हीकडून वाढत टेबलाबाहेर लोंबायला लागला. विभागातले लोक हसले. हसेनात का! रोजची सरासरी निघाली चारशे साठ.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. समोर समितीचे तीन सदस्य, मधोमध अध्यक्षबाई. अध्यक्षबाईंचं नाव निघालं तरी अधिकारी मंडळी कागद पुन्हा एकदा तपासून घेत, अशी त्यांची ख्याती. सासूबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. अर्ज वाचून झाल्यावर अध्यक्षबाईंनी मोजणीबाईला उभं केलं आणि लोंबणारा तक्ता बराच वेळ निरखला.

"अर्जदार तुमच्या कोण?"

"सासूबाई."

सभागृहात खसखस पिकली. अध्यक्षबाईही किंचित हसल्या. "सासूच्या अर्जाला सुनेचा पाठिंबा, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघतेय." मग त्यांनी चष्मा काढला. "आता मी विचारते त्याचा राग मानू नका. तक्ता तोच, वेळ तीच, मोजणाऱ्या तुम्हीच. बावीस वर्षांत तुमची एवढी एकच मोजणी चुकली? आणि तीही नेमकी तुमच्या सासूबाई फिरतात तिथली?"

मोजणीबाईनं मागे वळून बघितलं. मागच्या खुर्चीतून साहेब मानेनं खुणावत होते, की हो म्हणा आणि बसा. हो म्हटलं तर प्रकरण घरचं ठरून तक्ता केराच्या टोपलीत जाणार होता. नाही म्हटलं तर बावीस वर्षांचं इमान तिनं आपल्याच तोंडानं मोडीत काढल्यासारखं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. हा प्रश्न तिला सात दिवसांत सुचला नव्हता असं नाही. तिनं तो मनात शिरू दिला नव्हता, आला की आकडे मोजत बसली होती.

"नाही," ती म्हणाली. "सगळ्याच चुकल्या."

"सगळ्या म्हणजे किती?"

"टाकीचं सोडून मी निरंक लिहिलेली मैदानं चौदा आहेत." तिला कागद बघावा लागला नाही. "पोस्टामागचं, गिरणीजवळचं, कालव्याकाठचं..." चौदा नावं तिनं न थांबता घेतली. "अकरांवर बांधकाम झालंय. तीन अजून मोकळी आहेत, नुसतं कुंपण पडलंय. सगळी मी अकरा ते पाच मोजली. तेव्हा तिथं कोणी नव्हतं हे खरं आहे. पण कोणी येतच नाही हे मला माहीत नव्हतं, आणि तरी मी तसं लिहिलं."

साहेबांनी डोक्याला हात लावला. सभागृहात आता कोणी हसत नव्हतं.

"हे लेखी द्याल?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"देते."

"परिणाम ठाऊक आहेत?"

"ठाऊक आहेत. टाकीचं मैदान पुन्हा मोजा. आणि ती तीनही."

तिथंच उभ्या उभ्या तिनं जबाब लिहून दिला. संध्याकाळी निकाल लागला. टाकीचं मैदान आराखड्यात हिरवंच राहणार होतं, आणि उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत मोजल्याशिवाय यापुढे कुठल्याही मोकळ्या जागेला हात लावायचा नव्हता. कुंपण घातलेल्या तीन मैदानांना महिनाभराची मुदत मिळाली. तेवढ्यात कुंपणाआधीच्या वापराचा पुरावा आला तर ठीक, नाहीतर बांधकाम सुरू. मोजणीबाईच्या सेवापुस्तकात शेरा पडला आणि तिचं नाव बढतीच्या यादीतून निघालं. बाहेर पडताना साहेब म्हणाले, "काय मिळवलंत बाई?" तिला भूक लागली होती आणि पाय ठणकत होते.

जेवणं झाल्यावर ती टेबलापाशी बसून चौदा नावं कागदावर उतरवू लागली. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी चष्मा लावला आणि यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. पोस्टामागचं मैदान. तिथं आता शीतगृह होतं.

"इथं मी आणि तुझे सासरे जायचो."

मोजणीबाईनं पेन खाली ठेवलं.

"रोज पहाटे. ते बंद झाल्यावर मी म्हटलं, टाकीकडे जाऊ. ते म्हणाले, एवढं लांब माझ्याच्यानं होणार नाही. मग घरीच बसायला लागले."

सासरे खिडकीपाशी खुर्चीत बसलेले तिला आठवत होते. शेवटची चार वर्षं ते त्या खुर्चीतून फारसे उठलेच नव्हते. तिला वाटलं होतं, स्वभाव आहे एकेकाचा.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत, आई?"

"तू नवी सून, नोकरीही नवी. पहिलं काम पुरं केलंस म्हणून तक्त्याची नक्कल आम्हाला दाखवायला घेऊन आली होतीस. आठवतंय? ह्यांनी ती वाचली. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. आणि तुला म्हणाले, पोरी, अक्षर फार सुरेख आहे."

तिला आठवलं. त्या शाबासकीवर ती आठवडाभर तरंगत होती. मग मात्र तिला हुंदका आवरला नाही. ती टेबलावर डोकं ठेवून रडली, अगदी लहान पोरासारखी. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला नाही की उगी म्हटलं नाही, त्यांचा तो स्वभावच नव्हता. त्या नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

"मग या वेळी का बोललात?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"आता याच्यापुढे चालत जायला जागाच उरली नव्हती." सासूबाईंनी यादी तिच्यापुढे सरकवली. "रडून झालं असेल तर सांग, मोकळी तीन कुठली ती. तिथं कोण यायचं ते मला नाही माहीत, पण माझ्याबरोबर चालणाऱ्या बायकांत कुणाला तरी माहीत असेलच."

मोजणीबाईनं डोळे पुसले आणि तीन नावांखाली रेघा मारल्या. त्यांतलं जवळचं म्हणजे कालव्याकाठचं, पाऊण तासाच्या वाटेवर. पहाटे साडेचारला निघालं तर उजाडायच्या आत दोघी तिथं पोचणार होत्या.