बी-लिएनसाठी जागा

महिनाअखेरीला डोंगरावरच्या मंदिरातली ती खोली पाडणार होते. लग्नाआधी गेलेल्या मुलींच्या नावाच्या लाकडी पाट्या तिथं ओळीनं मांडलेल्या असत. अशा मुलींना माहेरच्या देव्हाऱ्यात जागा नसते आणि सासर तर झालेलंच नसतं. चिउ-हाच्या धाकट्या बहिणीची, बी-लिएनची पाटी तिथं बत्तीस वर्षं होती. चिउ-हाला भाऊ नव्हता. नवरा घरजावई होऊन आलेला, म्हणून आईबापांचा देव्हारा तिच्याच सिनचू शहरातल्या घरात होता. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, बहिणीला घरी आणायचं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण गेलेल्या माणसाला विचारल्याशिवाय हलवायचं नाही, ही रीत तिला मोडायची नव्हती.

तीन रविवार ती मंदिरात कौलाच्या लाकडी चंद्रकोरींची जोडी टाकून आली. एक उताणी आणि एक पालथी पडली की होकार, आणि असे तीन होकार लागोपाठ हवेत. दर वेळी दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे बी-लिएन नुसती हसत होती.

"इतकं काय हसण्यासारखं केलंस, आमा?" नात जुन-यीनं विचारलं.

"तिलाच विचार. मला ती कधी धड सांगायची नाही."

मग चिउ-हाला बहिणीच्या शेवटच्या आजारातलं, दवाखान्यातलं बोलणं आठवलं. बी-लिएन म्हणाली होती, "काही विचारायचं झालं तर माझ्या प्रोग्रामात विचार. मंदिरातल्या चंद्रकोरी झिजल्यात."

चाळीस वर्षांपूर्वी दोघी एकाच कॉम्प्युटरच्या कारखान्यात होत्या. चिउ-हा खाली तारांना डाग द्यायची, बी-लिएन वरच्या मजल्यावर प्रोग्राम लिहायची. तिनं गमतीनं पडद्यावरच्या चंद्रकोरी केल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत मुली डबे घेऊन रांग लावायच्या, हा मुलगा बरा की तो, म्हणून विचारायच्या. ती यंत्रं केव्हाच भंगारात गेली. राहिले होते बिस्किटांच्या डब्यातले छापील प्रोग्रामाचे सहा कागद.

जुन-यी वेबसाइटी बनवायची. तिनं दोन दिवस बसून ते सहा कागद जसेच्या तसे टाइप केले.

"जुन्या यंत्रासाठी लिहिलेलं कंपाइल करून, म्हणजे नव्या रूपात बदलून, ब्राउझरच्या पानात चालवायचं. मीही पहिल्यांदाच करतेय, तेव्हा हसायचं नाही."

"हसणारी एक आहे तेवढी पुरे."

पहिल्या दिवशी पान पांढरंफटक राहिलं. फाइल थेट फोल्डरमधून उघडलेली ब्राउझरला चालत नव्हती. जुन-यीनं लॅपटॉपवरच एक छोटा सर्व्हर सुरू केला आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: विचारा.

चिउ-हानं एका बोटानं प्रश्न लिहिला. घरी येतेस का? दोन्ही चंद्रकोरी उताण्या. जुन-यीनं पान नव्यानं उघडलं. पुन्हा उताण्या. अकरा वेळा विचारलं, अकरा वेळा हसू. जुन-यी पुन्हा त्या कागदांत डोकं घालून बसली.

दुपारी ती म्हणाली, "सापडलं. छोट्या आजीनं आळस केलाय. चंद्रकोर कशी पडणार ते ठरवायला वेगळा आकडा घेतलाच नाही. मेमरीत आधी कुणी जे टाकून गेलं असेल तेच उचललंय. कारखान्यातल्या यंत्रात सारखं कुणाचं ना कुणाचं काही उरलेलं असायचं. इथं पान उघडलं की मेमरी झाडून पुसून ठेवलेली, सगळी शून्यं. शून्य म्हणजे हसू."

"आणि मंदिरात?"

जुन-यीनं लॅपटॉप पुढं ओढला. म्हणाली, "ब्राउझरकडून एक आकडा मागून देते."

"नको. मग उत्तर ब्राउझरचं होईल."

"बरं. चूक माझीच. प्रत्येक प्रश्नाला मी पान नवं करत होते. आता तेच राहू दे. तू लिहिलेलं आत उरेल, त्यातून ती उचलेल."

"म्हणजे माझ्याच बोलण्यातून मला उत्तर?"

"तसंच."

"आमचं तसंच चालायचं," चिउ-हा म्हणाली.

पहिल्यांदा पडद्यावर हसूच आलं. मग तिनं बराच वेळ लिहिलं. बाबा तुला तिथं ठेवायला निघाले तेव्हा मी तोंड उघडलं नाही. माझ्या घराचं काही वाईट होईल, अशी मला भीती होती. उत्तर आलं: एक उताणी, एक पालथी. तिनं पुन्हा लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. दुसरा होकार.

तिसऱ्यांदा काय लिहावं ते सुचेना. दोन्ही हातांत चहाची वाटी धरून ती पडद्याकडे पाहत राहिली. चंद्रकोरी आपोआप उडाल्या आणि पडल्या. होकार.

"बोट लागलं का ग कुठं?"

"कशाला लागेल? हात तर इथं आहेत."

जुन-यीनं पानाच्या आतलं दाखवणारी खिडकी उघडली. एकही कळ दाबल्याची नोंद नव्हती. मग ती खुर्चीत मागे सरकली.

"आमा, या प्रोग्रामाला पानानं जी मेमरी दिली होती ती गरजेच्या दसपट होती. भरली तर प्रोग्राम पानाकडे आणखी जागा मागतो. ही भरलेली नाही, अर्धीही नाही. तरी हिच्या प्रोग्रामानं आत्ता आणखी मागून घेतलीय."

"त्या नव्या जागेत काय आहे?"

"काही नाही. रिकामीच आहे."

चिउ-हा उठली. देव्हाऱ्यातलं उदाचं भांडं तिनं बाजूला घेतलं आणि आईबापांच्या नावाची पाटी दोन्ही हातांनी वीतभर डावीकडे ढकलली. खालचं लाकूड फिकट होतं.

"पणजोबांना सरकवतेस?"

"सरकतील. तेव्हाच सरकायला हवं होतं." तिनं फडक्यानं ती जागा पुसली. "मंदिरात फोन लाव. उद्या सकाळी येतो म्हणावं."

जुन-यीनं फोन हातात घेतला. "लॅपटॉप बंद करू?"

"ती येईपर्यंत असू दे."