आईचा डावा खांदा

आईचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. गरोदर बायकांना आणि नव्या आयांना पिलाटीसचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही, असं मी तिला चिडवायचे. मीही पिलाटीस शिकवते, पण खेळाडूंना. "असू दे गं," एवढंच ती म्हणायची.

ती गेल्यावर तिचा वर्ग चालवायचा की खोलीची किल्ली मालकांना परत करायची, हे मला ठरवायचं होतं. एक तास घेऊन बघावा म्हणून गेले. भिंतभर आरसा, लाकडी जमीन, खुंटीवर आईचं धुवायचं राहिलेलं दुपटं. त्याला मी हात लावला नाही.

बायका चटया पसरत होत्या.

"सांभाळून हं मॅडम," आठवा महिना लागलेली बेकरीवाली म्हणाली. "मी वाकले की उठवायला क्रेन लागते."

"मग पाव कोण भाजतं?" टॅक्सीवालीनं विचारलं. तिचं तान्हं बाळ शेजारी टोपलीत होतं.

"नवरा. म्हणून तर करपतात."

सगळ्या हातागुडघ्यांवर आल्या. "श्वास सोडत पोट अलगद वर घ्या," मी म्हणाले, आणि बाळानं भोकाड पसरलं.

"थांबा. आधी बाळाला घ्या."

टॅक्सीवाली उठली आणि चटई गुंडाळू लागली.

"अहो, निघालात कुठं?"

"घरी. बाळासाठी उठायचंच, तर घरी काय वाईट? आमच्या बाई, तुमच्या आई, उठू द्यायच्या नाहीत."

"त्या बाळ खांद्यावर टाकून शिकवत फिरायच्या," बेकरीवाली खालूनच म्हणाली. "सगळ्या दिवसात हा एक तास आपला असायचा."

इतकी वर्षं तो खांदा बघत होते मी.

खुंटीवरचं दुपटं काढलं. पावडर आणि आंबूस दुधाचा वास. ते डाव्या खांद्यावर टाकलं, वर बाळाला घेतलं. "चटई पसरा," टॅक्सीवालीला म्हटलं. "चला, श्वास सोडा... अजून सोडा..." चालता चालता माझा आवाज आपोआप खाली आला. बाळ दुपट्यावर थोडं ओकलं आणि शांत झालं.

"मॅडम, खांदा वाकडा होतोय," बेकरीवाली आरशात बघून म्हणाली.

"असू दे गं."

तास संपता संपता दारात मालक आले. "किल्ली देताय ना?"

"नाही, माझ्याकडेच राहील," मी म्हणाले. "आणि जरा हळू बोला, बाळ झोपलंय."