एक दाबा

श्रीकंठय्यांना कॉफी अर्धी लागायची आणि उत्तर पूर्ण. दर बुधवारी सकाळी सातला ते गांधी बझारातल्या, उभ्याने खायच्या त्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल धरायचे, एका कॉफीचे दोन पेले करून एक समोरच्यापुढे सरकवायचे आणि प्रश्न सुरू. चाळीस वर्षं अगरबत्तीचा कारखाना चालवून म्हातारा मोकळा झाला होता. आता नवे धंदे काढणाऱ्या पोरापोरींना फुकट सल्ला द्यायचा, हा त्यांचा छंद. सल्ला कसला, निव्वळ फिरकी! पण बंगळूरभरातून पोरं यायची, हातातली इडली गार होईतो रांगेत थांबायची आणि जाताना कान पाडून जायची.

त्या बुधवारी पाळी सिंचनाची होती. एकोणतीस वर्षांची पोर, मोठ्या कंपनीतली गुबगुबीत नोकरी नऊ महिन्यांपूर्वी सोडून आलेली. कॉलेजातल्या यतीशला भागीदार करून तिने ‘नेनपु’ काढली होती. नेनपु म्हणजे आठवण. काम साधं. म्हाताऱ्या माणसाने एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, की दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठला त्याला फोन जाणार. फोनवर सिंचनाचाच आवाज: “नमस्कार, सकाळची गोळी घेतली का? घेतली असेल तर एक दाबा.” तिकडे मुलं अमेरिकेत, इकडे म्हातारी हासनला, गोळी विसरते, कुणीतरी आठवण करायला नको का?

“तीनशे बारा जण आहेत, सर,” सिंचनाने फोनवरचा आलेख पुढे धरला. “आणि शंभरातले सत्त्याण्णव रोज एक दाबतात.”

“सत्त्याण्णव?” श्रीकंठय्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “माझी बायको माझं शंभरातलं एक ऐकत नाही. ही कुठली देवमाणसं?”

“ज्येष्ठ नागरिक, सर.”

“ते कळलं. पैसे कोण देणार? म्हातारा, का त्याचा मुलगा?”

“ते अजून ठरवतोय.”

“तुझा आणि त्या यतीशचा हिस्सा किती किती?”

“अर्धा अर्धा.”

“भांडण झालं तर कुणाचं खरं धरायचं?”

“आमचं भांडणच होत नाही, सर.”

“मग काम सुरूच झालेलं नाही अजून!” म्हातारा खो खो हसला. पेला ठेवला आणि एकदम गंभीर झाला. “हे बघ, बाकी सगळं राहू दे. या तीनशे बारांतला एक माणूस मला दाखव, जो तुला ओळखत नाही आणि तुझ्या आईलाही ओळखत नाही.”

सिंचनाला हसूच आलं. तीनशे माणसं, सर, सगळ्यांना कोण ओळखेल? असं ती म्हणालीसुद्धा. श्रीकंठय्यांनी नुसता हात हलवला, पुढच्या पोराला बोलावलं.

हसली खरी, पण मनात कुठेतरी टोचलं. तिच्याकडे नुसते नंबर होते, नावं नव्हती. आणि नऊ महिन्यांत त्यातल्या एकालाही तिने स्वतः फोन लावून ‘कसे आहात?’ एवढंही विचारलं नव्हतं. आलेख वर चढत होता, आणखी काय पाहिजे? शिवाय डोक्यावर सोमवारची टांगती तलवार. जुन्या साहेबांनी निरोप दिला होता, “तुझी जागा सोमवारी दुपारी बारापर्यंत राखून ठेवतो. बाराला फोन करीन, हो किंवा नाही सांग.” साठवलेलं संपत आलं होतं. यतीशचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडचे ‘मुलगा नक्की करतो काय’ म्हणून तीनदा विचारून गेले होते.

रविवारी हासनला मावांच्या नातवाची मुंज होती. मावा म्हणजे आईचे थोरले भाऊ. सिंचनाची आई जलजाक्षी तीन दिवस आधीच जाऊन कोसंबरीच्या डाळीपासून बटूच्या लंगोटीपर्यंत सगळ्यात नाक खुपसून बसली होती. सिंचना पहाटेच्या बसने पोचली ती थेट मांडवात. पाऊणशे माणसं, रेशमी साड्यांची सळसळ, चुलीकडून होळिगेचा, म्हणजे पुरणपोळीचा, वास. मुहूर्त आठचा. मुलगा बापाच्या मांडीवर, वर धोतराचं पांघरूण, पुरोहित कानात मंत्र सांगायच्या बेतात.

आणि आठ वाजले.

आधी एक फोन वाजला. मग तीन. मग सगळा मांडव वाजायला लागला. पिशव्यांतून, कमरेच्या कनवटीतून, खुर्च्यांखालून, नारळाच्या ढिगाआडून. दोड्डम्माचा, म्हणजे मावशीचा, पोलक्यातून वाजला. स्वयंपाक्याचा पिठाच्या परातीजवळ वाजला. आणि कुणी चपापलंसुद्धा नाही! प्रत्येकाने जांभई यावी तितक्या सहज फोन काढला, कानाला न लावता एक दाबला आणि परत ठेवला. पुरोहितांनी तर मंत्र न थांबवता डाव्या हाताच्या अंगठ्याने काम उरकलं. मांडवभर सिंचनाचा आवाज चाळीस तोंडांनी “नमस्कार, सकाळची” एवढं म्हणून गप्प झाला. मंगलवाद्यं सुरू झाली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सिंचनाला अगदी खरोखर वाटलं.

अक्षता पडल्यावर तिने मावांना गाठलं.

“मावा, तुम्ही कसली गोळी घेता?”

“मी? गोळी?” बहात्तर वर्षांच्या मावांनी छाती फुगवली. “अजून दोन मैल चालतो मी! मला कसला रोग?”

“मग एक कशाला दाबता?”

“तुझ्यासाठी, बाळ! तुझ्या आईने सांगितलंय ना, एक दाबलं की तुला बढती मिळते म्हणून. माझं एक दिवस चुकत नाही हो. परवा तर आंघोळीतून ओल्या हाताने दाबला.”

आई मागच्या अंगणात पानं पुसत होती. सिंचना तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“अम्मा, किती जणांना सांगितलंस?”

जलजाक्षीने मान वर केली नाही. “आपल्या माणसांना सांगितलं.”

“आकडा सांग.”

“आता आकडा कोण मोजतंय? आपली माणसं, त्यांच्या सुनांची माहेरं, भजनी मंडळ, देवळातले... आणि तो अरसीकेरेचा भांडीवाला, चांगला आहे बिचारा.”

“अगं, पण त्यांना गोळ्या नाहीत!”

“नसल्या तर नसल्या!” आता मात्र जलजाक्षी उसळली. “मी काय चोरी केली? लोक मुलीच्या लग्नात आहेर मागतात, देणग्या मागतात. मी एक बटण मागितलं. पहिल्या महिन्यात तुझे किती होते? चार! रात्री उशीत तोंड खुपसून रडायचीस, मला काय ऐकू येत नव्हतं? आई आहे मी, नुसती बघत बसू?”

रागवावं तर आईचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि न रागवावं तर नऊ महिन्यांचं पितळ भर मांडवात उघडं पडलेलं. सिंचना आईशेजारी पाटावर बसली आणि दोघी मिळून पानं पुसायला लागल्या. होळिगे मात्र तिने तीन खाल्ल्या. दुःख आपल्या जागी, होळिगे आपल्या जागी.

परतीच्या बसमधून तिने यतीशला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग विचारायला लागला.

“म्हणजे आपल्याकडे एकही खरा माणूस नाही?”

“माहीत नाही. तेच बघायचंय. उद्या फोन बंद ठेवू.”

“सगळे?”

“सगळे. ज्याला गरज आहे तो विचारेल, आज फोन का नाही आला म्हणून.”

“मी तरीकेरेला औषधाच्या दुकानात आपल्या नंबरच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, आठवतं? चाळीस ठेवल्या होत्या. तिथून कुणी आलं असेल तर...”

“आलं असेल तर विचारेल.”

“आणि कुणीच नाही विचारलं तर?”

“तर बारा वाजता मी साहेबांना हो म्हणते, आणि तू मुलीकडच्यांना सांग, नोकरी शोधतोय म्हणून.”

यतीश म्हणाला, “हे मला पटत नाही.” ती म्हणाली, “मला तरी कुठे पटतंय?” आणि त्यावर दोघं चन्नरायपट्टणपासून कुणिगलपर्यंत कडकडून भांडले. पहिल्यांदाच. शेवटी तिचं खरं धरायचं ठरलं.

सोमवारी आठ वाजले. तीनशे बारा फोनांतला एकही वाजला नाही. नेनपुच्या हनुमंतनगरातल्या एका खोलीच्या कचेरीत सिंचना आपला फोन समोर ठेवून बसली. साडेआठ. नऊ. मावांना आंघोळ सुखाने करता आली असेल. दहाला फोन वाजला, तिने झडप घातली, तर आईचं नाव. “काय गं, आज सुट्टी का? बरं झालं, दोड्डम्माला जरा झोप मिळाली,” एवढं बोलून आईने ठेवला. साडेदहाला यतीश उप्पिट्टू घेऊन आला आणि त्याच्या फोनवर होणाऱ्या सासऱ्यांचा फोन आला, तो घेऊन जिन्यात जाऊन बसला. अकरा. सव्वाअकरा. तिने साहेबांना काय सांगायचं ते कागदावर लिहून काढलं. ‘सर, संधी दिल्याबद्दल’ इथपर्यंत आली आणि पेन थांबलं. रडूच आलं पोरीला.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. अनोळखी नंबर, तोही घरातल्या जुन्या फोनचा.

“नेनपु तुम्हीच का?” बाईचा आवाज, खणखणीत. “आठचा कॉल होता माझा. का नाही लागला?”

सिंचना ताडकन उभी राहिली. “आपण कोण, अज्जी?”

“अज्जी कुणाला म्हणतेस? पुट्टतायम्मा. तरीकेरे. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले मी. लग्नाचे, मरणाचे, सगळे कॉल जोडून दिले, एक मिनिट इकडचा तिकडे झाला नाही. आणि तुमचा तो नंबर! लावला तर नुसता वाजतो आणि कट होतो. म्हटलं, असा कसा सापडत नाही! औषधवाल्याकडून चिठ्ठी ठेवणाऱ्याचा घेतला, तो यतीश सारखा बिझी, म्हणून त्याच्या घरचा नंबर शोधून त्याच्या आईकडून तुझा घेतला. साडेतीन तास लागले.”

“पुट्टतायम्मा, आधी सांगा, गोळी घेतलीत का?”

“डबी हातात आहे.”

परीक्षा सिंचनाने घेतली होती, आणि त्यात तरीकेरेची ही म्हातारी सकाळपासून डबी धरून बसली होती. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “फार चुकलं. पुन्हा असं होणार नाही. आत्ता घ्या, मी थांबते.”

पेल्याचा आवाज आला, घोट गिळल्याचा आला.

“घेतली. आता एक कुठे दाबू?”

“दाबायला नको. मला सांगितलंत ना.”

“हं. आता ऐक. लिहून घे. एक म्हणजे, तुझी ती मुलगी फार घाईत बोलते.”

“मीच आहे ती.”

“मग तू फार घाईत बोलतेस! चष्मा सापडेपर्यंत तुझा फोन बंद. दुसरं, रात्रीचीही गोळी असते माणसाला, ती कोण विचारणार? तिसरं, रविवारी...”

सिंचना लिहीत सुटली. साहेबांना सांगायच्या त्या कागदाच्या पाठीवरच. अकरा तक्रारी झाल्या. जिन्यातून आलेला यतीश दारात उभा राहून ऐकत होता. तिने त्याला हाताने खूण केली, बस, बोलू नकोस.

मध्येच कानात टूं टूं वाजलं.

“तुझ्या लाइनवर दुसरा कॉल आहे,” पुट्टतायम्मा म्हणाल्या. त्यांना नाही कळणार तर कुणाला कळणार? “घे तू. मी धरते.”

सिंचनाने बघितलं. बारा वाजले होते. साहेबांचं नाव होतं. तिने तो कॉल कापला.

“नको. तुम्ही रविवारचं सांगत होता.”

“रविवारी साडेआठ कर. मी इडल्या लावते आठला. आणि महिन्याचे किती?”

नऊ महिने ज्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं, तो हा. “तुम्हाला नको काही, पुट्टतायम्मा. आज आमच्यामुळे त्रास झाला तुम्हाला. फुकटच...”

“फुकट अजिबात नको!” म्हातारी कडाडली. “फुकट देणाऱ्यावर ओरडता येत नाही, आणि मला तर ओरडायचंय. किती, ते बोल.”

“शंभर,” सिंचना कशीबशी म्हणाली.

“साठ.”

नऊ महिन्यांत तीनशे बारा माणसांतल्या कुणी तिच्याशी घासाघीस केली नव्हती. सिंचनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि तोंडावरचं हसू काही मावेना.

“ऐंशी,” ती म्हणाली.

“सत्तर. आणि उद्या आठला एक मिनिट जरी उशीर झाला ना...”