बारा ते चार

आधी ओल्या वाळ्याचा गंध येई आणि त्याच्यामागून पार्बताबाई. वैशाखातल्या पांढऱ्याफटक दुपारी, कळमेश्वरच्या रस्त्यावर सावलीसुद्धा आपल्या झाडाच्या बुंध्याला बिलगून बसलेली असे, तेव्हा जुन्या मालगुजारी बंगल्याच्या व्हरांड्यातून पितळी गडव्यातलं पाणी सुटल्याचा एक दीर्घ, सावकाश निःश्वास ऐकू येई; कमानींत टांगलेल्या वाळ्याच्या ताट्या वरून खालपर्यंत काळोखत जात, आणि बाहेरचा जाळ त्यांच्यातून गाळला जाऊन आत शिरताना हिरवट, मवाळ, जवळजवळ शहाणा होऊन येई.

मालगुजारी गेली, मालगुजारांचे वंशज दूरदेशी पांगले आणि बंगला गावाच्या वाचनालयाला मिळाला. त्याच्यासोबत मिळाली सागवानी कपाटं, एक बंद पडलेलं घड्याळ आणि पार्बताबाई. तिच्या सासूनं याच कमानींतल्या ताट्या मालकांच्या वामकुक्षीसाठी भिजवल्या होत्या; सुनेनं त्या बारावीच्या मुलींसाठी, जिनिंगमधल्या हमालांसाठी आणि वर्तमानपत्राआड घोरणाऱ्या निवृत्त मास्तरांसाठी भिजवल्या. पाणी तेच, पण त्याचं गोत्र बदललं. ती उंच होती, शिसवीच्या खांबासारखी सरळ. बोलणं मोजकं, आणि उजव्या मनगटात अशी काही लय, की गडवा कलंडतो आहे की ती एखाद्याच्या माथ्यावरून हात फिरवते आहे, हे कळू नये.

ग्रंथपाल म्हणून मी तिथं रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. आता त्र्याहत्तरीत पुष्कळ कमी कळतं, म्हणून बरं चाललं आहे. त्या वेळच्या मला आज रस्त्यात गाठलं, तर मी तिच्या कडक इस्त्रीच्या साडीवर गडवाभर पाणीच ओतीन. नागपूरहून प्रमाणपत्र घेऊन ही विदुषी एसटीतून उतरली, ती जणू कळमेश्वरला अक्षरओळख करून द्यायलाच. पाणी आणि कागद यांचं हाडवैर असतं, हे ती शिकून आली होती. आठवड्याभरात तिनं समितीला पत्र धाडलं आणि पंधरवड्यात दारावर पाटी लागली: ‘ग्रंथांच्या व वाचकांच्या हितार्थ, उन्हाळ्यात वाचनालय दुपारी बारा ते चार बंद राहील.’ ‘हितार्थ’ या शब्दावर तर मी दोन दिवस खूश होते.

पार्बताबाईनं पाटी कोणाकडून तरी वाचून घेतली आणि कमरेवर हात ठेवून माझ्यापुढं उभी राहिली.

“काहून वं म्याडम, ज्याच्या घरावर टिना हाये, तो बारा ते चार कुठी जाईन?”

मी तिला नियम समजावून सांगितला. अगदी सविस्तर. माझ्या घरावर कौलं होती.

दुसऱ्या दिवशी ठीक बाराला मी दाराला आतून कडी घातली. परतीची गाडी संध्याकाळची, तेव्हा त्या नियमात मीही कोंडली गेले होते. लाईट गेलेली, पंखा मेलेल्या वटवाघळासारखा लटकलेला, चार हजार ग्रंथ कोरडे, सुरक्षित, आणि त्यांच्यामध्ये मी, निखाऱ्यावरच्या पापडासारखी कडा वळवत. बाहेर मात्र त्या निःश्वासाचा आवाज सुरू झाला. फटीतून पाहिलं तर तिनं सगळ्या ताट्या व्हरांड्याच्या बाहेरच्या कमानींना बांधल्या होत्या, आणि त्या हिरव्या ओलाव्यात फरशीवर माणसं ओळीनं बसली होती. कुणाच्या मांडीवर शाळेचं पुस्तक, कुणाच्या हातात कालचा पेपर. पार्बताबाई अर्ध्या-अर्ध्या तासानं उठे, गडवा भरी, पाणी सोडी, पुन्हा बसे. बंद दाराकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. इतकं संपूर्ण दुर्लक्ष मी पुढं फक्त देवळातल्या मूर्तीच्या डोळ्यांत पाहिलं.

कोंडून घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी कडी काढून मी बाहेर आले. कोणी हसलं नाही, हीच मोठी शिक्षा. पार्बताबाई थोडी सरकली, फरशीवरची हातभर गार जागा तिनं मोकळी केली.

“बसा. इथं कोनाले मनाई नाही.”

पाटी मीच उतरवली. त्यानंतर माझ्या निवृत्तीपर्यंतचे पस्तीस उन्हाळे तिच्या गडव्याच्या चालीनं चालले.

गेल्या माघात ती गेली. आणि या चैत्रात, नागपुरात मनीषनगरच्या आमच्या घरी, कळमेश्वरच्या एका जुन्या वाचकाचा फोन आला: आजी, पाटी पुन्हा लागली. मी तडक गेले. दारावर नवा कोरा फलक आणि त्यावर माझंच वाक्य, ‘हितार्थ’सकट! कुठल्याशा धूळखाऊ फाइलीतून चोवीस वर्षांची ती मुलगी बाहेर पडून पुन्हा दारात उभी होती.

नवी ग्रंथपाल प्राजक्ता गोड मुलगी आहे, इस्त्रीही कडक. “आजी, समितीचा ठराव आहे. ओल आत आली तर पुस्तकांना बुरशी लागते.”

“पोरी, हा नियम माझ्या पोटचा आहे. त्याचे कान मीच पिरगाळणार.”

ती नम्र हसली आणि बाराला तिनं कडी घातली. मीही तेव्हा अशीच हसले असणार.

दुसऱ्या दिवशी वाळ्याच्या नव्या ताट्या टेम्पोत घालून नेल्या आणि बाहेरच्या कमानींना बांधल्या. माणसं येऊ लागली. गावातल्या टिना काही कमी झालेल्या नाहीत. मी गडवा भरला, कलंडवला, आणि निम्मं पाणी माझ्याच पायांवर.

“वरून सोडा, आजी,” दुसऱ्या पाळीआधी आलेला एक कामगार पेपरातून मान न काढता म्हणाला. “बाई वरून सोडे. धीरानं.”

मी स्टुलावर चढले. या वयात, हो. वरून, धीरानं सोडलं. ताटी हळूहळू काळोखली, आणि तो निःश्वास पुन्हा त्या व्हरांड्यात उमटला. सगळ्यांनी एकदम वर पाहिलं आणि लगेच माना खाली घातल्या.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी तीन दिवस टिकले होते. ही हुशार दिसते, उद्याच येईल. तिच्यासाठी हातभर जागा मी मोकळी ठेवली आहे.

कोरड्या वाळ्याला गंध नसतो. नुसती मुळं ती, निमूट, मातकट. पाणी पडलं की गेलेलं माणूस क्षणभर दारात उभं राहतं. आणि मग काळाचं ऊन आपलं काम करतं, अर्ध्या तासात सगळं वाळून जातं, आणि कुणालातरी उठावं लागतं.