वन बीएचके, कुत्रा चालेल

कर्वेनगरातल्या त्या जाहिरातीत मालकाने आपणहून लिहिलं होतं, ‘कुत्रा चालेल’. पुण्यात असं वाचायला मिळणं म्हणजे देवच पावला म्हणायचा. कारण वाघोलीतल्या माझ्या घरमालकाने दम भरला होता: रविवारपर्यंत कुत्री हलवा, नाहीतर मीच कुठेतरी नेऊन सोडतो. अमरावतीहून दादाचं एकच पालुपद, देऊन टाक कुणाला तरी. देऊन टाक म्हणे! भुरी काय जुनी साडी आहे? ट्रकखाली सापडलेलं पिल्लू मी उचललं, तीन पायांवर उभं केलं. माझ्याशिवाय ती जेवत नाही.

शनिवारी तिला रगडून आंघोळ घातली, नखं कापली, भुंकलीस तर याद राख म्हणून बजावलं. पुण्यात घर द्यायच्या आधी सोसायटीची कमिटी मुलाखत घेते. ती मुलाखत भुरीची होणार, असं मी धरून चालले होते. माय वं, किती मूर्ख मी!

मालक अनंतकाका निवृत्त मास्तर. शेजारी कमिटीचे दोघे जण. भुरी आत शिरली ती थेट काकांच्या बायकोच्या, सुनीतीकाकूंच्या पायावर डोकं ठेवून पसरली, आणि काकूंनी तिला अख्खा बिस्किटांचा पुडा चारला. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही. मला मात्र सगळं विचारलं. लग्न का नाही झालं, ऑफिसातून किती वाजता येता, मित्र घरी येतात का, अंडी खाता का. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, पण भुरीसाठी मी गोड गोड उत्तरं दिली. त्याचीच आता जास्त चीड येते.

शेवटी काकांनी चष्मा पुसला.

“कुत्र्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. पण एकट्या मुलीला आम्ही जागा देत नाही. आपण गैरसमज करून घेऊ नका.”

एवढ्यावर थांबले असते तरी मी गप उठले असते. पण काकू भुरीच्या कानामागे खाजवत म्हणाल्या, “हिला ठेवा की आमच्याकडे. तुम्ही काय, हॉस्टेलवरही राहाल.”

बाई मनापासून बोलत होती. म्हणून तर डोकं सणकलं.

“काकू, हीसुद्धा मुलगीच आहे,” मी म्हटलं. “लग्न झालेलं नाही, रात्री-अपरात्री भटकते, अंडी तर रोज लागतात. मित्रांचं विचारूच नका. हिची मुलाखत घ्यायची राहिली तुमची.”

काकूंनी हात काढून घेतला. भुरी त्या गार फरशीवरून उठायला तयार नव्हती, आणि त्या क्षणी मला तिचाही राग आला. पट्टा ओढत तिला बाहेर काढलं.

खाली रिक्षावाला म्हणाला, ताई, तुम्ही बसा, कुत्रं नको. त्यालाही चार शब्द सुनावले, भुरीला खांद्यावर टाकलं आणि चालायला लागले.