बंपरचे टाके

आईने गाडी हौदाला ठोकली तेव्हा मी आत कणीक मळत होते. बाहेर येऊन पाहिलं, तर ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली आणि पांढऱ्या बंपरला वीतभर चीर.

"हौद मंधात आला," ती म्हणाली.

"हौद तीस वर्षांपासून तिथंच आहे, आई."

"मंग त्यानं सरकाले पाह्यजे होतं."

बाबा गेल्यापासूनच्या पाच महिन्यांत मी पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

जाण्याआधी बाबांनी तिला गाडी शिकवायला घेतली होती. दुसऱ्या गिअरपर्यंत पोचले आणि तिसऱ्याचा धडा राहून गेला. तेव्हापासून ती रोज सकाळी आमच्या उंद्री गावात दुसऱ्या गिअरवरच फिरते. माझा धाकटा भाऊ राजकुमार याला हे ठाऊक नव्हतं. तो दुपारच्या एसटीने अकोल्याहून येणार होता आणि गाडी विकायला घेऊन जाणार होता. आईला ती ठेवायची होती. ही चीर त्याने पाहिली, की तिचं कोण ऐकणार?

बंपर उतरवून आम्ही ओसरीवर पालथा घातला. भेगा बुजवायच्या दोन गोळ्या एकत्र मळून चिरेत भरलेली लांबी वाळली आणि खपलीसारखी निघून आली. मग आतल्या बाजूला उठवलेली 'पीपी' ही अक्षरं दिसली. मोबाइलवर शोधलं, तर या जातीच्या प्लास्टिकला चिकटवण धरत नाही. त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून भरावं लागतं. माळ्यावरच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीखालीही तीच अक्षरं निघाली. एक पाय तुटलेली ती खुर्ची बाबांनी "कामी येईल" म्हणून चार वर्षं कुणाला टाकू दिली नव्हती. आईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि करवत मागितली.

बाबांची रेडिओ दुरुस्तीची सोल्डरगन तापवून मी चिरेवर टेकवणार, तोच तिने माझा हात धरला.

"थांब. आधी टोक बंद कर. कुर्त्याचा कट शेवटाले पक्का नाही केला तं फाटतच जाते."

तीस वर्षं तिने गावाचे झंपर शिवले आहेत. गन तिच्या हाती गेली. चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाला आईने बारीक भोक पाडलं, कडा जुळवून ठिकठिकाणी कच्चे टाके दिले, मागून खिडकीच्या तारजाळीचा तुकडा वितळवून बसवला आणि खुर्चीच्या कापलेल्या लाल पट्ट्या वितळवून भरत निघाली. धुरामुळे आम्ही दोघींनी तोंडं बांधली होती.

कुंपणापलीकडून गोजरबाई ओरडल्या, "पुष्पा, काय जाळून राह्यली वं?"

"भाजी लागली!" आईने तोंडावरचं फडकं सारून सांगितलं.

"ओसरीवर?"

घासून झाल्यावर मी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.

"राहू दे," आई म्हणाली.

"राजू पाहील ना."

"पाहू दे. फाडलं मी, शिवलंबी मीच. झाकाले काय चोरी केली?"

आम्ही बंपर गाडीला परत बसवला, तोच राजकुमार आला आणि फाटकातच थबकला. "ताई, हे लाल काय आहे?"

"मी ठोकली हौदाले," आईनेच सांगितलं. "बुक्की मारून पाह्य."

त्याने मारली. टाका हलला नाही. वाकून त्याने त्या लाल रेषेवरून बोट फिरवलं. "बाबांची खुर्ची?"

आई किल्ली घेऊन आत बसली. "चाल, चिखलीपर्यंत. मंग विकाची तं वीक."

त्याने पट्टा बांधला आणि दोनदा ओढून पाहिला. मी मागे बसले. चिखली रस्त्यावर इंजिन किंचाळत होतं. दुधाचे कॅन लादलेली मोटारसायकल आम्हाला मागे टाकून गेली. शेवटी राजकुमार म्हणाला, "आई, तिसरा टाक ना."

"तेवढा शिकवाचा राह्यला त्यायचा."

तो तिच्याकडे वळून बसला. मग त्याने गिअरवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"क्लच दाब. आता वर, जरासा उजवीकडे, अन् पुन्हा वर."

इंजिनाचा आवाज एकदम उतरला. आईच्या खांद्यांचाही ताण गेला.

"अन् चौथा?" तिने विचारलं.

"तो पुढच्या रविवारी," राजकुमार म्हणाला. "समोर पाह्य, बैल आहे."